म्हैस खिडकीशी बसली होती

शाहीन मॅडमनी वाचनालयाचं कपाट रिकामं केलं, सगळी पुस्तकं वर्गाच्या फरशीवर मांडली आणि सहावीच्या पोरांना म्हणाल्या, "हं, लावा आता."

लावायची कुठं? तर स्वरूपाच्या आईच्या दूध संकलन केंद्रातून मागून आणलेल्या क्रेटमध्ये. अर्धे क्रेट डाव्या भिंतीला, अर्धे उजव्या. डाव्या भिंतीवर खडूनं लिहिलं होतं 'रचलेलं', उजव्या भिंतीवर 'घडलेलं'. रचलेल्यात परीकथा, लोककथा, भयकथा, रहस्यकथा, विनोदी कथा. घडलेल्यात चरित्र, आत्मचरित्र, प्रवासवर्णन आणि माहितीची पुस्तकं. मॅडम रोज बारामतीहून स्कूटीवर पणदऱ्याला यायच्या आणि डोक्यावरचं हेल्मेट काढायच्या आधीच शिकवायला लागायच्या, इतका त्यांना पुस्तकांचा सोस. असला सोस पोरांना लागायला कितीसा वेळ?

थोड्याच वेळात वर्गाचा बाजार झाला. हारिसनं पाककृतींचं पुस्तक परीकथांच्या क्रेटमध्ये टाकलं. मॅडमनी विचारलं, "हे काय रे?"

"मॅडम, ह्यातल्या फोटोसारखा केक आमच्या अम्मीचा कधीच झाला न्हाय. परीकथाच हाय ही."

एका पुस्तकात खूण म्हणून ठेवलेली लग्नपत्रिका सापडली. मुहूर्त बारा वाजून पस्तीस मिनिटं. ती कुठं टाकायची म्हणून मॅडमनी विचारायचा अवकाश, अख्खा वर्ग बेंबीच्या देठापासून ओरडला, "रचलेलं!" मॅडमना हसता हसता स्टुलावर बसावं लागलं.

हारिसला एवढ्यावर समाधान कुठलं? "मॅडम, स्वतःवर स्वतः लिवलं तर आत्मचरित्र. दुसऱ्यानं लिवलं तर चरित्र. मग म्हशीनं स्वतःवर लिवलं तर?"

"तर ते रचलेलं."

"आन् म्हशीवर माणसानं लिवलं तर?"

"जे घडलं तेच लिहिलं असेल तर चरित्र म्हणू आपण. पण घडलेलं म्हणायचं तर आधार लागतो बरं का. कागद, फोटो, डोळ्यांनी पाहिलेली माणसं."

स्वरूपानं हातातलं पुस्तक खाली ठेवलं. तिच्याकडं म्हैस होती. म्हणजे गोठ्यात तर होत्याच, पण त्या नव्हेत. तिच्याकडं मंजुळी होती.

मंजुळी ही स्वरूपाच्या आबांची म्हैस. मानसिंगआबा म्हणजे आईचे वडील, राहणार निरवांगी, तालुका इंदापूर. मंजुळीची हकीकत निरवांगीत शेंबड्या पोरालाही पाठ होती. आबा तिला बारामतीच्या बाजाराला घेऊन निघाले होते. फाट्यावर आल्यावर मंजुळीनं रस्त्यात बैठक मारली, चालणार नाही म्हणजे नाही. मागून गेणबाची वडापची, म्हणजे वाटेत हाळी देत पॅसेंजर भरणारी जीप आली. गेणबानं नेहमीच्या सवयीनं हाळी दिली, "चला, बारामती, बारामती!" आणि आबा चढायच्या आधी मंजुळीच चढली. चढली ती पुढच्या सीटवर, खिडकीशी. बसलेल्या पॅसेंजरला उठवायचं नाही हा वडापचा कायदा, तेव्हा गेणबाचा इलाज चालेना. लासुर्ण्यात एका वरातीचे बँडवाले नवरदेवाच्या गाडीची वाट बघत उभे होते. खिडकीतून एवढी ऐटबाज मान बाहेर आलेली बघून त्यांनी लगेच वाजवायला सुरुवात केली. मंजुळीनं मान हलवून दाद दिली. बारामतीत पोचल्यावर ती उतरेचना. वारा लागला होता ना तिला! शेवटी आबा म्हणाले, "राहू दे गेणबा, हिला फिरायचीच हौस हाय, तर फिरू दे." तेव्हापासून मंजुळी गावोगाव हिंडते, हवा खाते आणि कुणाच्या दावणीला बांधून घेत नाही.

आता सांगा, असली हकीकत घरात असताना कुणी दुसऱ्या कुणाचं चरित्र कशाला लिहावं?

बारामतीच्या एका कॉलेजात मुलांचं साहित्य संमेलन भरणार होतं. प्रत्येक शाळेनं एक लेख पाठवायचा, वर त्याचा प्रकार लिहायचा, आणि निवडलेला लेख मुलानं स्टेजवर वाचायचा. चरित्र असेल तर ज्याच्यावर लिहिलं त्याचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार. स्वरूपानं रविवार गाठून आईबरोबर निरवांगी गाठली आणि पारावर उभी राहून विचारलं, "मंजुळीला जीपमधी कुणी कुणी बघितलं?"

विचारायचा उशीर! साखरबाई डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणाली, "बघितलं? अगं, मी तिच्या शेजारी बसलेली. सगळ्या वाटंनं माजा पदर चावत हुती." तिच्या मागचा म्हातारा म्हणाला, तो पायरीवर लोंबकळत होता. खुद्द गेणबानं छातीवर हात मारून सांगितलं की जीप तोच चालवत होता. बनाबाई, म्हणजे स्वरूपाची आजी, भाकरी थापता थापता म्हणाली, "दार कोणी लावलं वाटतं तुला? मीच की." शिंप्याच्या घरापासून पिठाच्या गिरणीपर्यंत जो भेटेल तो साक्षीदार. स्वरूपा हरखून गेली. एवढा आधार तर इतिहासाच्या पुस्तकालाही नसेल!

लेख गेला, 'चरित्र' म्हणून. निवडलाही गेला.

मग आबांचे पाय कशाला जमिनीवर राहतात? उभ्या हयातीत सोयऱ्याधायऱ्यांनी त्यांना थापाड्या म्हणून चिडवलं होतं. लग्नाच्या पंगतीत, पारावर, जावयाच्या दारात, कुठंही आबांनी तोंड उघडलं की कुणी तरी डोळा मारायचंच. आता बारामतीत, माईकवरून, मंजुळीच्या चरित्राची शाल तिचे मालक म्हणून त्यांनाच मिळणार होती. आबांनी नवा फेटा घेतला, गावातला टेंपो ठरवला आणि निरवांगीत दवंडी तेवढी द्यायची ठेवली. फोनवर स्वरूपाला म्हणाले, "पोरी, तू माजं नाव काढलंस. आता कोण मला थापाड्या म्हनतंय तेच बघतो."

संमेलनाच्या आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर स्वरूपा आणि हारिस दूध केंद्राच्या ओट्यावर पुठ्ठा पसरून बसले. लेखाबरोबर लावायला एक मोठं चित्र करायचं होतं: मंजुळीची जीप, आणि कोण कुठं बसलं होतं ते. हारिसचा हात चित्रकलेत चांगला होता. त्यानं झकास जीप काढली. स्वरूपा आठवून आठवून नावं सांगू लागली.

"पुढं गेणबा. त्याच्या बाजूला मंजुळी. मंजुळीशेजारी साखरबाई."

"बरं."

"शेजारी शिंपीआबा. त्येंच्या मांडीवर त्येंचा भाऊ."

"बरं."

मधली सीट भरली. मागची भरली. पायरी भरली, टप भरला, टपावरच्या लोकांच्या खांद्यावर हारिसनं लोक बसवले. चालवणारेही तिघं निघाले. बॉनेटवर कीर्तनवाले बुवा आणि त्यांची पेटी आली. साक्षीदार काही संपेनात. हारिसनं चाकांच्या मधल्या जागेतही दोन डोकी काढली, मग पेन्सिल कानावर ठेवली आणि पुठ्ठ्याकडं बराच वेळ बघत बसला.

"स्वरूपा, ह्यात म्हैस कुठं बसली?"

"खिडकीशी."

"खिडकीशी साखरबाईची आख्खी भावकी हाय." हारिसनं हळूच सांगितलं, "मला वाटतंय, म्हैस त्या दिवशी आलीच न्हवती."

दोघांनी एकमेकांकडं बघितलं आणि त्यांना हसू फुटलं. हसता हसता हारिस ओट्यावरून खाली घसरला. स्वरूपाचं हसू मात्र अर्ध्यावरच विरलं. म्हैस आली नव्हती, तर जीपमध्ये चढली कोण? आणि उद्या शाल कशाची?

आत केंद्रात आई दूध तपासत होती. मशीनवर फॅटचा कमी आकडा उमटला तशी ती समोरच्या काकांना म्हणाली, "काका, ताक मला लई आवडतं. रोज पिते मी. पर ताक असंल तर ताक म्हणून आणा की, दूध म्हणून कशाला आणता?" काका मान खाली घालून कॅन उचलून गेले.

स्वरूपा आत गेली. "आई, मंजुळी खरंच जीपमधी बसली हुती?"

आईचं कागदावरचं नाव काहीही असो, निरवांगीत ती अजून छकुलीच होती. तिनं मशीनवरचा हात तसाच ठेवला. "आबांना इचार," एवढं म्हणून तिनं पुढचा कॅन ओढला.

आबांना कसं विचारायचं? आबा फोन उचलत होते ते "टेंपोत जागा न्हाय, आता न्हाय!" असं ओरडायला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई आणि हारिस आत जागा धरायला गेले, तेव्हा कॉलेजच्या दारातच स्वरूपानं शाहीन मॅडमना गाठलं आणि एका दमात सगळं सांगितलं. मॅडमनी पुठ्ठा बघितला. चाकांमधली डोकी बघून त्यांना ठसका लागला. मग त्यांनी डोळे पुसले आणि तिच्यासमोर उकिडव्या बसल्या.

"रचलेलं म्हणजे खोटं नव्हे, स्वरूपा. चोरी नाही केलीस तू. पण कार्यक्रमपत्रिकेवर 'चरित्र' छापलंय. लोक घडलेलं समजून ऐकणार. प्रकार बदलायचा असेल तर मी परीक्षकांना सांगते, पण वाचायच्या आधी तुला ते स्वतः सांगावं लागेल."

"आन् आबा?"

 तेवढ्यात फाटकातून टेंपो आला. माणसं इतकी की टेंपो दिसत नव्हता, नुसती माणसंच चाल करून येताहेत असं वाटत होतं. सगळ्यांत पुढं आबा, केशरी फेट्यात, आणि त्यांच्या मागं आजी, साखरबाई, गेणबा. आबांनी स्वरूपाला उचललं. ती आता उचलण्याजोगी राहिली नव्हती, तरी उचललं. "कुठाय गं माजी शाल?"

 खरं सांगावं तर आबा भर सभेत थापाडे ठरणार, आणि तेही नातीच्या तोंडून. न सांगावं तर दुधाच्या नावाखाली ताक.

सभागृह गच्च भरलं. भुतांच्या गोष्टी झाल्या, एका पोरानं गडावरच्या सहलीचं वर्णन वाचलं, कुणी मधमाश्यांची माहिती सांगितली. मग पुकारा झाला: "चरित्र. पणदऱ्याची स्वरूपा." निरवांगीकरांनी असा टाळ्यांचा कडकडाट केला की निवेदिका दचकली. टेबलावर शाल घडी घालून ठेवलेली होती. शेजारी नारळ.

स्वरूपानं चित्राचा पुठ्ठा सगळ्यांना दिसेल असा टेबलाला टेकवला आणि ती माईकपाशी उभी राहिली. पहिल्या रांगेत आबा फेटा सावरत बसले होते. तिनं कागद उघडला, मिटला आणि अजिबात न ठरवलेलं बोलून गेली.

"माज्या आईचं दुधाचं सेंटर हाय. आई म्हणते, ताक असंल तर ताक म्हणून द्यावं. ताक म्हणजे काय नासलेलं दूध न्हाय. ते मुद्दाम घुसळून केलेलं असतं, आन् उन्हाचं आलेला माणूस ते पिऊन गार होतो. पर ते दूध म्हणून इकायचं न्हाय. तर, ह्या पत्रिकेवर चरित्र लिवलंय. हे चरित्र न्हाय. ही रचलेली गोष्ट हाय. माज्या आबांची. म्हैस जीपमधी बसली न्हवती."

 साखरबाई ताडकन उभी राहिली.

"बसली हुती! माजा पदर खाल्ला तिनं!"

"बसली होती," शिंपीआबा उठले. "माझ्या भावाला विचारा!"

"गाडी कोण चालवत हुतं मग?" गेणबा गरजला. त्यावर मागून आणखी दोघं उठले, "आमी!" बुवांनी पेटी आणली नव्हती, नाहीतर तीही वाजवली असती. बारामतीचं सगळं सभागृह आधी चक्रावलं, मग हसायला लागलं. हसण्याची ती लाट पहिल्या रांगेपर्यंत आली, आणि आबा उठले.

स्वरूपाला वाटलं, आता आबा सरळ दाराबाहेर जाणार. पण आबा स्टेजच्या पायऱ्या चढले, तिच्यापुढचा माईक हातात घेतला आणि निरवांगीकरांवर खेकसले, "गप बसा रं सगळी! पोरगी खरं बोलतीय."

गाव बसलं.

"म्हैस जीपमधी न्हवती," आबा म्हणाले. "त्या साली आमच्याकडं चारा न्हवता. पाऊस न्हाय, वैरण न्हाय. मंजुळीची हाडं मोजता येत हुती. म्हनून मी तिला चालवत बाजारला नेली, जिकडं पाणी हाय तिकडच्या माणसाला दिली आन् मोकळं दावं घिऊन घरी आलो. दारात छकुली. ही हिची आई, एवढीशी हुती. मंजुळीच्या पाठीवर बसून मोठी झालेली. दाव्याकडं बघितलं आन् जी रडाय लागली! जेवंना, निजंना. लई वेळ झाला. मग मला काय सुचलं, देव जाणं. म्हनलं, अगं ती इकली न्हाय, ती जीपमधी बसली. खिडकीशी."

आबांनी फेट्याच्या शेवानं तोंड पुसलं. 

"पोरगी हसली. भाकरी खाल्ली तिनं. सकाळी उठून परत रडाय लागली, म्हनाली, आबा, तुमी खोटं सांगता. तवा ही साखरबाई कुंपणापल्याड शेण काढीत हुती. ती तितनंच म्हनली, खोटं कसं, मी शेजारी बसले हुते की."

साखरबाईनं पदर डोळ्यांना लावला. "मग काय करायचं? लेकरू रडत हुतं."

"दुपारी गेणबा आला, तो म्हनला गाडी मी चालवत हुतो. त्याची गाडी तर गॅरेजला पडलेली! सांजंला शिंपी आला. छकुली ज्या ज्या दारात जाऊन इचारायची, ते ते दार जीपमधी बसायचं. असं करत गाव बसलं, पोरी. तुज्या चित्रात जागा पुरंल कशी?"

स्वरूपाला काही दिसेनासं झालं. तिनं आबांचा हात धरला. मॅडम विंगेत उभ्या होत्या, त्यांनी ओढणीनं नाक पुसलं. परीक्षकबाई जागेवरून म्हणाल्या, "स्वरूपा, तूच सांग बाळ. कुठल्या विभागात घेऊ?"

स्वरूपानं आबांच्या हातातला माईक जवळ ओढला. "जीपची गोष्ट विनोदी कथेत घ्या. आन् आबांनी आत्ता सांगितलं, ते आत्मचरित्रात."

शाल आबांना मिळाली. विनोदी कथेला शाल द्यायची पद्धत नव्हती, पण परीक्षकबाई म्हणाल्या की पद्धत आजपासून पाडू. आबांनी शाल घेतली आणि खांद्यावर न टाकता पायऱ्या उतरून सरळ मागच्या रांगेत गेले. तिथं छकुली बसली होती, लहान मुलीसारखं तोंड लपवून.

"आबा," ती म्हणाली, "मला बारावीच्या वर्षीच कळलं हुतं."

"मग बोलली का न्हाईस?"

"बोलले असते तर सगळ्यांना जीपमधनं उतरावं लागलं असतं."

आबांनी ती शाल तिच्या अंगावर घातली.

परतताना सगळ्यांचा मुक्काम निरवांगीला ठरला. संध्याकाळचं दूध घालून घ्यायला स्वरूपाचे वडील पणदऱ्याला मागं राहिले. टेंपोत येतानाच जागा नव्हती, आता तर स्वरूपा, हारिस, छकुली आणि स्कूटी कॉलेजात लावून आलेल्या शाहीन मॅडम अशी भर पडली. मॅडमनी कुठल्या तरी घरची पुरणपोळी कबूल करून घेतली होती. साखरबाई मांडीवर कुणाला तरी घेऊन बसली. हारिस दोन म्हाताऱ्यांच्या मधोमध चेपला गेला आणि तिथून ओरडला, "आता पटलं! जीपमधी मावत असतील सगळी!"

पुढची खिडकीची जागा मात्र रिकामी होती. एवढी रेटारेटी चालली होती, तरी तिथं कुणी बसायला तयार नव्हतं. गेणबानं दार उघडून धरलं.

"छकुले, चल. तुजी जागा."

"माजी कुठली? ती मंजुळीची."

"तुज्यासाठीच धरून ठिवली हुती तिनं," आबा म्हणाले. "सगळं गाव बसलं, तूच तेवढी ऱ्हायली हुतीस."

स्वरूपाची आई शाल सावरत चढली आणि खिडकीशी बसली. टेंपो भवानीनगर ओलांडून पुढं गेला. लासुर्ण्याच्या चौकात एका वरातीचे बँडवाले गाडीची वाट बघत बसले होते. आईनं खिडकीतून मान बाहेर काढली, वाऱ्यानं तिचे केस उडाले, आणि ती इतक्या मोठ्यानं हसली की एका बँडवाल्यानं सवयीनं ताशावर काडी मारलीच.

स्वरूपानं हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. हे घडलेल्याच्या क्रेटमध्ये जाणार, आणि आधाराला यावेळी टेंपोभर साक्षीदार होते.